वाया जाणारी उंची

उमाटे मॅडम माणसाचा चेहरा शेवटी बघतात. आधी उंची बघतात. वर्ध्याच्या मुलींच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवायला रुजू झाले त्या दिवशी स्टाफरूममध्ये कोणीतरी आमची ओळख करून दिली. या उमाटे मॅडम, शारीरिक शिक्षण बघतात, बास्केटबॉलच्या संघाच्या कोच. त्यांनी माझ्या चपलांपासून सुरुवात केली, हळूहळू वर आल्या, आणि वर फारच लवकर पोचल्यामुळे त्यांचा चेहरा पडला.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुमी अर्थशास्त्रच शिकवा."

यात अपमान काही नव्हता, हे मला हळूहळू कळलं. बाईंच्या लेखी जगात दोनच जातींची माणसं होती. एक रिंगखाली उभी करता येतील अशी, आणि दुसरी उरलेली. गंमत म्हणजे त्या स्वतः उरलेल्यांतही सगळ्यात बुटक्या. टाइमआउट झाला की मुली भोवती गोल करून उभ्या राहायच्या आणि मॅडम त्या गोलात बुडून जायच्या. बाहेर नुसता आवाज यायचा, थकलेला आणि कुरकुरणारा. "काऊन उभ्या राह्यल्या तिथं पाहुण्यावानी? बॉल का घरी आनून देईल कोनी?"

रस्त्यात, बँकेत, लग्नात, कुठेही उंच मुलगी दिसली की त्यांचं चित्त उडायचं. "पाहा ना ताई, उंची वाया जाऊन राह्यली," असं त्या इतक्या दुःखाने म्हणायच्या की गावाच्या नळाचं पाणी गटारात चाललंय असं वाटावं. एकदा बसस्टँडवर त्यांना पाठमोरी एक मुलगी दिसली. मुलगी आर्वीच्या बसमध्ये चढली, मागोमाग मॅडमही चढल्या. उभ्याने प्रवास करत जवळ सरकल्या आणि विचारलं की कोणत्या वर्षाला आहे. ती बाई निघाली बँकेतली ऑफिसर, दोन लेकरांची आई. मॅडमनी तिच्याकडे बघून सुस्कारा टाकला आणि म्हणाल्या, "एवढे वर्षं कुठी होत्या तुमी?" मग पुढच्या थांब्यावर उतरून वापस आल्या.

चतुर्थीला त्या न चुकता केळझरच्या गणपतीला जायच्या. मला आधी वाटलं, भाविक आहेत. एकदा सोबत गेले तेव्हा पाहिलं की बाई रांगेत उभ्याच राहत नाहीत. रांगेच्या बाजूला कठड्याला टेकून, देवाकडे पाठ करून उभ्या. आख्ख्या तालुक्यातल्या पोरी ओळीने समोरून जातात, याच्यासारखी सोय दुसरीकडे कुठे, असं त्यांचं म्हणणं होतं. एका म्हाताऱ्या बाईने त्यांना विचारलं की तुम्ही साध्या कपड्यातल्या पोलीस आहात का. मॅडम म्हणाल्या, तसंच समजा.

त्या स्वतः खो-खो खेळलेल्या. बास्केटबॉल त्यांच्या वाट्याला आला तो असा की त्या कॉलेजात आल्या तेव्हा मागच्या मैदानात गाजरगवतात दोन लोखंडी खांब उभे होते आणि शिपायाच्या घरच्यांनी त्यांना कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. बाईंनी दोरी सोडवली, गवत काढलं आणि रिंगसाठी अर्ज केला. अर्जाचं काय झालं ते कोणालाच ठाऊक नाही. शेवटी त्यांनी वेल्डिंगवाल्याकडून रिंगा करून घेतल्या. त्याने बॉल मागितला, मापून बघितला आणि तो जाईल एवढ्या बेताने रिंगा वळवल्या. त्या नियमातल्या मापापेक्षा लहान निघाल्या. बॉल अगदी मधोमध पडला तरच आत जायचा, नाहीतर कडेवर बसून विचार करायचा. पोरी रडकुंडीला यायच्या. पण त्याच पोरी पहिल्यांदा नागपूरला खेळायला गेल्या तेव्हा तिथली रिंग त्यांना विहिरीएवढी वाटली आणि त्यांनी कुठूनही टाकलेला बॉल आत पडत गेला. पुढे कॉलेजने नियमातल्या रिंगा आणल्या, तर मॅडमनी एक बदलू दिली आणि दुसरीला हात लावू दिला नाही.

म्हणजे त्यांचं सगळं चांगलं चाललं होतं असं नाही. मैदान सिमेंटचं झालं, पण गॅदरिंगचा मांडव त्याच्यावरच, परीक्षेच्या वेळी गाड्या त्याच्यावरच. मुली देवळीच्या, सेलूच्या, सेवाग्रामच्या बसने यायच्या आणि बसच्या वेळेने जायच्या. खेळ कितीही रंगात आला असो, देवळीची बस लागायची वेळ झाली की अर्धा संघ दप्तरं उचलून पळत सुटायचा. आणि दिवाळीनंतर लग्नं. मॅडमचं निरीक्षण असं होतं की उंच पोरीच्या बापाला घाई जास्त असते. तिच्याहून उंच मुलगा मिळाला की तो हातचा जाऊ द्यायचा नाही. त्यामुळे दरवर्षी आधी रिंगखाली खेळणारी सेंटर जायची, मग उरलेल्यांतली उंच.

त्या प्रत्येक लग्नाला जायच्या. मी एक-दोनदा सोबत होते. स्टेजवर नवरीच्या कोपराशी उभं राहून फोटो काढायच्या, मैयतीला आल्यासारखा चेहरा करून जेवायच्या आणि निघताना नवरदेवाची उंची एकदा नीट बघून घ्यायच्या. लेकीबाळी झाल्याच, तर निदान तिकडून काही अडचण नको.

घरी परतताना ठरलेलं वाक्य असायचं. "ताई, हे माझं शेवटचं वर्ष. आता नाई होत." गुडघा दुखतो, पोट्ट्या ऐकत नाहीत, प्राचार्य बॉलसुद्धा देत नाहीत. जूनमध्ये नवीन मुलींचे प्रवेश सुरू झाले की त्याच बाई गेटजवळ खुर्ची टाकून बसलेल्या दिसायच्या. मी आले त्या वर्षापासून मी त्यांचं शेवटचं वर्ष बघत होते.

मागच्या वर्षी मात्र त्या हे वाक्य बोलेनाशा झाल्या. स्टाफरूममध्ये आधी कोणाच्या ध्यानात आलं नाही. मग कोणीतरी म्हणालं की मॅडम आजकाल कुरकुर करत नाहीत, तब्येत बरी आहे ना. तेव्हा आठवलं की मॅडम त्याच वर्षी निवृत्त होणार होत्या. त्यांची जागा भरली जाणार नाही असं वरून कळलं होतं. संघही त्यांच्यासोबतच संपणार होता, हे कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळत होतं.

त्याच वर्षी त्यांना प्रणाली मिळाली होती. देवळीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानदाराची मुलगी. दाराच्या चौकटीतून वाकून आत येणारी, वर्गात कायम शेवटच्या बाकावर बसणारी, आणि कोणी फोटो काढायला लागलं की गुडघे वाकवून उभी राहणारी. मॅडमनी तिला मैदानात आणलं आणि पहिला महिनाभर बॉल हातात दिलाच नाही, नुसतं सरळ उभं राहायला शिकवलं. मग ती खेळायला लागली तेव्हा मला खेळातलं काही कळत नसूनही मी खिडकीतून बघत बसायचे. रिंगवरून परत आलेला बॉल ती अशी काढून घ्यायची, की फळीवरचा डबा काढावा. मॅडम मात्र बाहेरून ओरडतच असायच्या. शाबासकी त्यांनी कोणत्याच मुलीला कधी दिलेली मी ऐकली नाही.

आंतरमहाविद्यालयीन सामने जानेवारीत, नागपूरला. आणि प्रणालीचं लग्न ठरलं डिसेंबरातलं.

बातमी कळली त्या दिवशी मॅडम मैदानाच्या कडेला बसून गुडघ्याला बाम चोळत होत्या. त्यांनी डबीचं झाकण लावलं. मग मला म्हणाल्या की रविवारी सोबत येता का. मी संघाची मॅनेजर होते, म्हणजे कागदोपत्री. कॉलेजबाहेर मुली न्यायच्या तर दोन शिक्षिका लागतात आणि दुसरी कोणी तयार नसते.

आम्ही आधी देवळीला गेलो. प्रणालीच्या वडिलांनी आदराने बसवलं, दुकानातलं गिऱ्हाईक थांबवून चहा मागवला. त्यांची ना नव्हती. पण लग्नानंतर मुलगी त्यांच्या घरची, आता तेच काय ते ठरवतील, असं म्हणून त्यांनी हात जोडले. ते घर केळझरचं. देवळाच्या वाटेवर त्यांचं नारळ-प्रसादाचं दुकान. ज्या कठड्याला टेकून मॅडम इतकी वर्षं उभ्या राहिल्या, त्याच्यापासून फार लांब नाही.

लग्न आटोपल्यावर आठवड्याने आम्ही तिथे गेलो. सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि नम्रपणे सांगितलं की नवी सून अर्ध्या चड्डीत खेळते हे गावात बरं दिसणार नाही. मॅडम म्हणाल्या, फुल पँट घालू. ते म्हणाले, नागपूरला मुक्काम करावा लागेल. मॅडम म्हणाल्या, सकाळी नेऊ, संध्याकाळी आणून सोडू. नवरा मुलगा कोपऱ्यात उभा होता, त्याचं मत कोणी विचारलं नाही. बोलणं तिथेच गोल फिरत राहिलं. मॅडमचा आवाज खाली खाली चालला होता. उठायची वेळ झाली असं मला वाटलं.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. निर्मलाबाई त्यांचं नाव. डोक्यावरून पदर, मान खाली, खांदे पुढे आलेले. तरीसुद्धा त्यांचं डोकं माळ्याच्या फळीला लागत होतं. मॅडमनी कप हातात घेतला आणि वर बघत राहिल्या. कशासाठी आलो ते त्या विसरल्याच.

"तुमी कोन्या शाळेत होत्या?" त्यांनी विचारलं.

निर्मलाबाई म्हणाल्या, सातवीपर्यंत गावच्याच शाळेत. मग काढलं. लवकर वाढल्या, वर्गात सगळ्यांच्या वर दिसायच्या, पोरं चिडवायची. घरच्यांना स्थळाचा घोर लागला. लग्नात फोटो काढताना त्यांना बसवलं आणि नवऱ्याला उभं केलं. आता दुकानातल्या वरच्या फळीवरचं काढायला स्टूल लागत नाही, एवढा एक फायदा आहे, असं त्या हसत म्हणाल्या. सासरे दुसरीकडे बघत होते.

मला वाटलं आता मॅडमचं नेहमीचं वाक्य येणार. ते आलं नाही. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "जानेवारीत नागपूरले मॅच आहे. तुमीबी या तिच्यासंग. तुमाले दिसन ते काय करते."

निर्मलाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं नाही. ट्रे उचलला आणि जाता जाता म्हणाल्या, "मी आनते तिले."

यानंतर सामन्यांपर्यंत त्या सुनेसोबत सकाळच्या बसने वर्ध्याला येत आणि मैदानाच्या कडेला पोतं टाकून बसत. आधी पदराआडून बघायच्या. नंतर नंतर बॉल बाहेर आला की उठून आणून द्यायला लागल्या. एकदा कोणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी तो रिंगकडे टाकला. कड्याला लागून परत आला. मॅडम पाठमोऱ्या होत्या. आवाजावरून त्यांना सगळं कळलं असणार, पण त्या वळल्या नाहीत.

नागपूरला पहिल्या दिवशीचे दोन्ही सामने जिंकलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उपांत्य सामन्याच्या आधी पंचबाई प्रणालीजवळ आल्या आणि म्हणाल्या की हातात बांगड्या चालणार नाहीत, गळ्यातलंही काढावं लागेल. आधीच्या दोन सामन्यांत त्यावर चिकटपट्टी लावून भागलं होतं, इथे भागेना. प्रणाली हिरव्या चुड्यावर हात ठेवून उभी राहिली. लग्नाला महिना जेमतेम झालेला. मॅडम पुढे झाल्या नाहीत. त्या मला हळूच म्हणाल्या की हे आपण सांगायचं नाही.

निर्मलाबाई प्रेक्षकांतून उठून आल्या. त्यांनी सुनेचा हात आपल्या हातात घेतला, तळहात दाबून धरला आणि एकेक बांगडी न फोडता काढली. मंगळसूत्र काढून रुमालात बांधलं, बांगड्याही त्यातच ठेवल्या.

"हे मी धरून बसते," त्या म्हणाल्या. "तू जा."

तो सामना आम्ही हरलो. थोडक्यात हरलो, पण हरलो. शेवटची काही मिनिटं उरली असताना प्रणालीला पाचवा फाउल लागला आणि तिला बाहेर बसावं लागलं. रिंगखाली कोणीच उरलं नाही. मुली रडल्या. मॅडम रडल्याही नाहीत आणि ओरडल्याही नाहीत. सगळ्यांना बाहेर नेऊन तर्रीपोहे खायला घातले आणि तर्रीचा तिखट रस्सा जास्त घेणाऱ्या मुलीला रागावल्या. निघताना विद्यापीठाच्या निवड समितीतल्या एका सरांनी प्रणालीचं नाव लिहून घेतलं. पुढे ती विद्यापीठाच्या संघातून खेळायला गेली, निर्मलाबाई तिला नागपूरच्या स्टेशनपर्यंत सोडायला गेल्या, पण ते नंतरचं.

आम्ही भाड्याच्या जीपने परत निघालो. वाटेत आधी केळझर. मॅडम दुखऱ्या गुडघ्यासकट खाली उतरल्या. सासू-सून आत गेल्यावर दुकानात बसलेल्या सासऱ्यांना त्यांनी बाजूला घेतलं. मी पाण्याची बाटली घ्यायला उतरले होते म्हणून मला ऐकू आलं. त्या सांगत होत्या की इतक्या वर्षांत अशी पोरगी माझ्या हाताखाली आली नाही, आणि घरून अशी साथही कोणाला मिळाली नाही. सासरे हातातला नारळ पुसत राहिले. शेवटी तोच त्यांनी मॅडमच्या हातात दिला.

मग सेलूत त्यांनी तेच केलं. सेवाग्रामला दवाखान्यात नर्स असलेल्या एका आईला फाटकाबाहेर गाठून केलं. वर्ध्यातल्या मुलींच्या दारात केलं. मुलगी आत गेली की मागे थांबून तिच्या आईबापाजवळ तिचं कौतुक करायचं, हळू आवाजात, तिला ऐकू जाणार नाही असं. हिने आज पाय मुरगळला तरी सांगितलं नाही. ही बोलत नाही, पण सगळ्यांचं ध्यान हिच्याकडेच असते. तीच मुलगी दुपारी मॅडमकडून 'बह्याड, अक्कल नाई' असं ऐकून आलेली असायची. जीपमध्ये परत बसताना त्या माझ्याकडे बघायच्या नाहीत.

सगळ्यात शेवटी देवळीची मुलगी. तिला सोडून आम्ही वर्ध्याकडे वळलो तेव्हा गाडीत ड्रायव्हर आणि आम्ही दोघीच होतो. सूर्य नुकताच बुडाला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. मॅडमनी मागे वळून रिकाम्या सीटांकडे बघितलं आणि कोणीतरी विसरलेला एक मोजा उचलून पिशवीत टाकला.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले की आता उद्यापासून आराम. त्या हो म्हणाल्या. उद्यापासून प्रॅक्टिस नव्हती. एप्रिलपर्यंत कॉलेजात यायचं, सही करायची. मग त्या म्हणाल्या की आई होती तेव्हा घरी गेल्याबरोबर भांडण असायचं. एवढा उशीर का, दुसऱ्यांच्या पोरींमागे किती फिरशील. दोन वर्षं झाली तिला जाऊन. लग्न त्यांनी केलं नव्हतं, ते का, हे मी कधी विचारलं नव्हतं आणि तेव्हाही विचारलं नाही.

त्यांच्या गल्लीचं वळण आलं तेव्हा ड्रायव्हरने गाडी हळू केली.

"ताई," त्या म्हणाल्या, "तुमच्या इथं चहा होईल का?"

इतक्या वर्षांच्या ओळखीत त्या माझ्या घरी कधी आल्या नव्हत्या. मी ड्रायव्हरला पुढे घ्यायला सांगितलं.

घरी माझ्या नवऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केला आणि खुर्ची दिली. मॅडम पिशवी मांडीवर घेऊन टोकावर बसल्या, भिंतीवरच्या फोटोंकडे बघत. चहा झाला. मी विचारलं की जेवूनच जाता का, सोलेभात करणार आहे, दुसरं काही नाही. त्या म्हणाल्या, चालते. पण उठल्या नाहीत, पिशवीही खाली ठेवली नाही. मग त्यांनी अगदी मनापासून विचारलं, मुलींना रागावतात त्या आवाजात नाही, वेगळ्याच.

"ताई, या टायमाले लोकं घरी काय करतात?"

संध्याकाळच्या या वेळी त्या कायम मैदानात असायच्या, नाहीतर कोणाच्या तरी बसमागे. मी आत जाऊन हिरव्या तुरीच्या शेंगांची पिशवी आणली, परात आणली आणि दोन्ही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी आधी शेंगांकडे बघितलं, मग पिशवी खाली ठेवली आणि बाह्या वर सारून सोलायला बसल्या. भातापुरते सोले कधीच झाले होते. त्या थांबल्या नाहीत, मीही थांबवलं नाही.

जेवण झाल्यावर पायात बूट चढवताना त्यांनी खाली बघतच विचारलं, "उद्याबी असते का हे सोलायचं?"

मी म्हणाले, थंडी असेपर्यंत रोजच असतं.

त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवून मी परत आले आणि नवऱ्याला सांगितलं की सकाळी बाजारात गेलास की तुरीच्या शेंगा आण. तो म्हणाला, एवढे सोले आहेत ना अजून परातीत. मी म्हटलं, असू दे, दोन किलो आण.